नाशिकच्या पुढे

आमच्या जपान ट्रिपची एक्सेल शीट अजून माझ्या लॅपटॉपवर आहे. तोक्यो तीन दिवस, क्योतो चार, ओसाका दोन. देवळं हिरव्या रंगात, किल्ले निळ्या आणि खादाडी लाल. शीट उघडली की सगळीकडे लालच लाल दिसतं, यावरून आमच्या गँगचा इतिहासप्रेमाचा फंडा तुमच्या लक्षात आला असेल.

गँग म्हणजे आम्ही चौघं. माझी फ्लॅटमेट सेनसेई पुण्यात पाच वर्षं जपानी शिकतेय आणि आमच्या फ्रिजवर भाजीच्या यादीऐवजी जपानी अक्षरं चिकटवते. दुसरी सीए. तिच्याबरोबर जेवायला गेलात तर बिल वाटून घ्यायला कॅल्क्युलेटर लागत नाही. तिसरा कोडर, हिंजवडीत. आणि चौथी मी, फ्रीलान्स पत्रकार. म्हणजे रजा भरपूर, पैसे कमी.

तर झालं असं, की कोडरच्या प्रोजेक्टचं गो-लाइव्ह नेमकं आमच्या तारखांवर येऊन बसलं आणि त्याची दहा दिवसांची रजा चारवर आली. त्याच रात्री सीएनं विमानाचं भाडं पुन्हा एकदा मोजलं आणि लॅपटॉप हळूच मिटला. कोणी काही बोलेना. मग सेनसेई म्हणाली, "चार दिवस आहेत ना? मग हिच्या गावाला जाऊ या. ए, तुझं गाव नाशिकच्या पुढे कुठेतरी आहे ना?"

नाशिकच्या पुढे. पुण्यात आल्यापासून मी सगळ्यांना हेच सांगत आलेय. खोटं नाही म्हणा! धुळं नाशिकच्या पुढेच आहे, फक्त दीडशे किलोमीटर पुढे. पण नाशिक म्हटलं की लोकांना द्राक्षं आठवतात, वाइन आठवते. धुळं म्हटलं की, "म्हणजे नक्की कुठे?" आणि त्यानंतर, "मग तू ती भाषा बोलतेस का? बोलून दाखव ना!"

बोलून दाखवण्याचा कार्यक्रम माझा एकदा झालाय. मास कॉमच्या पहिल्या वर्षी रेडिओचं प्रॅक्टिकल होतं. बातमी वाचून झाल्यावर माइक चालू आहे हे विसरून मी शेजारणीला काहीतरी म्हणाले आणि त्यात "माले" आलं. मला नव्हे, माले. काचेपलीकडचा अख्खा वर्ग हसला. शिकवणारे सर चांगले होते, तेही हसत हसतच म्हणाले, की हे आधी काढून टाकावं लागेल. मी काढून टाकलं. इतकं सफाईनं, की आता मला लोक सदाशिव पेठेतली समजतात. आजीचा फोन आला की मी गॅलरीत जाते आणि दार लावून घेते. घरच्यांना वाटतं हॉलमध्ये रेंज नसते. सेनसेईला वाटतं माझा कोणीतरी आहे.

त्यामुळे जानेवारीतल्या त्या गुरुवारी रात्री जळगावच्या गाडीत बसताना बाकीचे तिघं सुट्टीच्या मूडमध्ये होते आणि मी परीक्षेच्या.

पहिला दिवस सोपा गेला, कारण तो अजिंठ्याचा होता. जळगाव स्टेशनवर पहाटे उतरणाऱ्या बऱ्याच पर्यटकांना जळगावशी काही घेणंदेणं नसतं, गाडी करून ते साठेक किलोमीटरवरच्या लेण्यांकडे पळतात. आम्हीही पळालो. (तुम्ही जाणार असाल तर सोमवार सोडून जा, सोमवारी लेणी बंद.) पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात पद्मपाणीसमोर सेनसेई एकदम गप्प झाली. मग सांगायला लागली, की जपानमध्ये नारा शहराजवळ होर्युजी नावाचं देऊळ आहे. तिथल्या भिंतीवरच्या बोधिसत्त्वांची तुलना अभ्यासक याच चित्रांशी करतात. ती चित्रं १९४९च्या आगीत होरपळली. म्हणजे जपानला गेलो असतो तर तिथे जे शोधलं असतं, त्याचं थोरलं भावंड इथे जळगावपासून दीड-दोन तासांवर उभं होतं. अजिंठा-वेरूळच्या जतनासाठी आणि पर्यटनासाठी जपाननं कर्ज दिलं होतं, ते उगाच नाही.

बाहेर पडताना एक वयस्कर जपानी जोडपं भेटलं आणि आमच्या सेनसेईनं सरळ बोलायला सुरुवात केली. अडखळत, हातवारे करत, मध्येच इंग्रजी घुसवत. काहीतरी भलतंच बोलली असणार, कारण आजीबाई तोंडावर हात ठेवून हसल्या. सेनसेईही हसली, विचारून घेतलं, वाक्य सुधारून पुन्हा म्हटलं. पाच मिनिटांनी फोटो काढत होते तिघं. मी बाजूला उभी राहून बघत होते. हिला परक्या भाषेत चुकायची लाज वाटत नाही आणि मला माझीच भाषा बरोबर बोलायची वाटते... सॉलिड आहे ना?

रात्री पप्पांच्या मित्राच्या शेतात भरीत पार्टी. खानदेशात हिवाळ्यात पार्टी म्हटलं की भरीत पार्टीच. हॉटेलातल्या 'बैंगन भरता'शी याचं काहीही नातं नाही, आधीच सांगते. वांगी हिरवी, मोठी, बिया अगदी कमी. जळगावच्या या भरिताच्या वांग्याला आणि जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय टॅग मिळाला. कापसाच्या वाळक्या काड्यांचा जाळ करून त्यात वांगी भाजतात. गॅसवर भाजलेल्याला तो धुराचा वास येत नाही, कितीही आटापिटा करा. मग साल काढून लाकडाच्या बडगीत ठेचायची. हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, वर तेलाची फोडणी. सोबत पुरी किंवा कळण्याची भाकरी. ज्वारीबरोबर उडीद दळून केलेली ही भाकरी कडक थंडीत पोटात गेली की शेकोटीची गरज नाही. कोडर सात पुऱ्यांपर्यंत मोजत होता, नंतर मोजणं सोडून दिलं. सीएनं विचारलं, "याचे पर हेड किती झाले?" काकांना प्रश्न कळलाच नाही.

काका माझ्याशी अहिराणीत बोलत होते. मी शुद्ध मराठीत उत्तरं देत होते. अंधार होता, कोणाच्या लक्षात आलं नसावं, असं मला वाटलं.

शनिवारी सकाळी जुन्या जळगावात चौधरी वाड्यात गेलो. बहिणाबाईंचं घर. शाळेच्या पुस्तकात बहिणाबाई सगळ्यांनाच भेटलेल्या असतात, त्यामुळे तिघंही हौसेनं आले. १८८० मध्ये जवळच्या आसोद्याला जन्म, १९५१ मध्ये मृत्यू. स्वतःला लिहितावाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर गात गेल्या आणि मुलगा सोपानदेव वगैरे घरच्यांनी जमेल तसं टिपून ठेवलं. त्या गेल्यावर ती वही आचार्य अत्र्यांपर्यंत पोचली, त्यांनी आग्रहच धरला आणि १९५२ मध्ये पुस्तक निघालं. आता इथल्या विद्यापीठालाही २०१८पासून त्यांचं नाव आहे.

शेतीची, स्वयंपाकघरातली साधी अवजारं बघत आम्ही फिरत होतो. सेनसेईनं मला हळूच विचारलं, "ही तुमची भाषा?"

"नाही, ही लेवा बोली. आमची अहिराणी. शेजारणी म्हण."

"मग तुमचीही अशीच गोड असणार."

मी काही बोलले नाही. पण मनात आलं, की हीच वही कोणी रेडिओच्या प्रॅक्टिकलला वाचली असती तर? काचेपलीकडे काय झालं असतं ते मला माहीत आहे.

दुपारी एरंडोलमार्गे अमळनेर. या गावावर कोडरनं आधी नाक मुरडलं होतं, "तिथे काय आहे बघायला?" मी त्याला काही सांगितलं नव्हतं, मुद्दाम. गावात पोचल्यावर विचारलं, "विप्रोचं पूर्ण नाव काय होतं रे?" त्याला माहीत नव्हतं. वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. १९४५ मध्ये याच गावात सुरू झालेला वनस्पती तुपाचा कारखाना. हिंजवडीत ज्या नावाच्या पाटीखालून तो रोज जातो, तिचं मूळ अमळनेरच्या तेलातुपात आहे! भाऊ दोन मिनिटं नुसता बघत राहिला. इथल्या ज्या लोकांनी त्या काळी घेतलेले शेअर्स विकले नाहीत, त्यांच्या गोष्टी अमळनेरात अजून सांगितल्या जातात. सीएनं लगेच मोबाइल काढून आकडेमोड केली आणि तिचा चेहरा अगदी दुःखी झाला. तिच्या आजोबांनी का नाही घेतले म्हणून.

साने गुरुजी इथल्याच प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत होते. १९१६ मध्ये सुरू झालेलं तत्त्वज्ञान केंद्रही इथलंच. आणि २०२४ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही इथे झालं. तेल, तत्त्वज्ञान आणि साहित्य एकाच तालुक्याच्या गावात. मी हे सगळं घडाघडा सांगत होते आणि मधेच जाणवलं, की मला हे सगळं पाठ आहे, फक्त आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

धुळ्याला पोचेपर्यंत अंधार पडला. वाटेत ढाब्यावर शेवभाजी झाली. जाड तिखट शेव, काळ्या मसाल्याचा रस्सा, वर तेलाचा लाल तवंग. सेनसेईच्या डोळ्यांतून पाणी, पण वाटी पुढेच. शेव शेवटच्या क्षणी टाकायची असते, आधी टाकली तर लगदा. हे तत्त्व रामेनलाही लागू आहे, असं तिचं मत पडलं.

रविवार. ज्या दिवसाला मी घाबरत होते तो.

आजी जुन्या धुळ्यात राहते, आई-पप्पांच्या घरापासून दहा मिनिटांवर. वय ब्याऐंशी. तिनं खापर काढून ठेवलं होतं. खापर म्हणजे मातीचं मोठं भांडं. ते चुलीवर उपडं घालतात आणि त्याच्या पाठीवर पुरणपोळी भाजतात. पोळपाट नाही, लाटणं नाही. कणीक मळून मळून इतकी सैल केलेली, की हातात धरली तर ओघळते. पुरण भरलेला गोळा आधी तळव्यांवर पसरायचा, मग मनगटावर, मग कोपरापर्यंत, या हातावरून त्या हातावर झुलवत. ती पोळी बघता बघता रुमालाएवढी होते, मग टॉवेलाएवढी. कोपरं चुलीच्या धगीत, नजर पोळीवर. मग एकाच झोकात खापरावर. एकही सुरकुती नाही.

तिघंही दारात उभे होते. आजी वर न बघताच म्हणाली, "उनात का? आठे या, बठा."

मी घाईघाईनं, "आजी म्हणतेय की..."

"कळलं," सेनसेई म्हणाली आणि चुलीजवळ मांडी घालून बसली. बॅगेतून वही निघाली, जपानीची. कोऱ्या पानावर तिनं लिहिलं, आठे म्हणजे इथे. बठ म्हणजे बस. मग आजी बोलत गेली आणि ही लिहीत गेली. शे म्हणजे आहे. आते म्हणजे आता. आखो म्हणजे आणखी, हे तर तिला पोळीबरोबरच कळलं. दुधातुपात बुडवलेली पोळी संपत आली की आजी म्हणायची, "आखो एक ले," आणि टाकायची. सोबत रशी, म्हणजे पुरणाच्या पाण्याची तिखट आमटी. कोडर आणि सीएनं तर हार मानली, भिंतीला टेकून बसले.

"मन्हं नाव सेनसेई शे," सेनसेईनं जाहीर केलं. आजीला हे नाव कोणत्या जातीत ठेवतात ते कळेना, पण वाक्य इतकं आवडलं, की तिनं ते तीनदा म्हणायला लावलं.

मग सेनसेईनं मला विचारलं, "'मी गेले होते' याला काय म्हणतात?"

माझं तोंड उघडं राहिलं. मला आठवेना. खरंच आठवेना. गेली सात-आठ वर्षं आजीशी गॅलरीतून जे बोलत होते ते "हो, जेवले", "हो, बरी आहे", "पैसे आहेत" एवढंच. तेही अर्धं पुण्याच्या मराठीत. मी काहीतरी जोडून म्हटलं, शेवटी एक शे लावला. आजी हसली नाही. पिठाचा हात कपाळाला पुसत म्हणाली, "गयथू." आणि मग माझ्याकडे बघून, अगदी सहज, तक्रार नाही काही नाही, "पुस्तकसारखी बोलस तू आते."

सेनसेईनं वहीत लिहिलं, गयथू. मला ते शब्द वाचताना घशात काहीतरी झालं, कारण हा शब्द मी शाळेतून घरी येऊन रोज म्हणायचे. तठे गयथू, याच्याकडे गयथू, तिच्याकडे गयथू. मी माझं ते हायफाय मराठी कमवताना बाकी काय दिलं, याचा हिशेब कधी केलाच नव्हता. सीए असून तिनंही केला नसता.

"मी पण एक करून बघू?" मी आजीला विचारलं, पोळीचं. गोळा तळव्यांवर पसरला, मनगटापर्यंत छान गेला आणि कोपराशी फाटला. पुरण सगळं मांडीवर. चौघंही हसले. आजी सगळ्यात जास्त.

सोमवारी धुळं दाखवलं. खरं तर तेव्हा मीच पहिल्यांदा पाहिलं. जुन्या पेठांमधले रस्ते इतके सरळ का, हा प्रश्न मला वीस वर्षांत पडला नव्हता, कोडरला दहा मिनिटांत पडला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्यानं १८१९च्या सुमारास धुळ्याची नवी वस्ती आखली, ती आधी कागदावर रेघा ओढून. "क्योतोही असंच चौकटीत आखलेलं आहे," सेनसेई म्हणाली. तिचं प्रत्येक वाक्य क्योतोला जाऊन परत येतं, आम्ही सोडून दिलंय.

मग राजवाडे संशोधन मंडळ. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव पायी हिंडून जुनी दप्तरं गोळा करायचे. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८चा. पुढे त्याचे बावीस खंड झाले. १९२६ मध्ये ते धुळ्यात वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावानं हे मंडळ उभं राहिलं. इंग्रजी उत्तम येत असूनही हट्टानं मराठीतच लिहिणारा माणूस. शाळेत असताना मी या इमारतीवरून रोज सायकल मारत गेलेय, आत पहिल्यांदा गेले ती पुण्याच्या पाहुण्यांबरोबर.

लळिंगच्या किल्ल्यावर संध्याकाळी चढलो. फारुकी सुलतानांच्या काळातला हा किल्ला मुंबई-आग्रा रस्त्यावरच आहे, पण लोक गाडीच्या काचेतून बघतात आणि पुढे जातात. (उन्हाळ्यात चढू नका प्लीज. मे महिन्यात इथे पारा ४५च्या आसपास असतो.) वरून हायवेचे दिवे दिसत होते. सीएनं गूगल करून सांगितलं, की २०११च्या जनगणनेत खानदेशी मातृभाषा सांगणारे १८ लाखांहून जास्त लोक होते. मराठीहून वेगळी नोंद. आणि ग्रियर्सनच्या जुन्या भाषा-सर्वेक्षणातही खानदेशी मराठीच्या खंडात नाहीच, भिल्ल बोलींच्या शेजारी बसवलेली. ती माझी कोण, सख्खी की चुलत, यावर पंडित अजून भांडतील. मी मात्र कोडरला विचारलं, तुला शेतावर त्या रात्री कळलं होतं का, की मी काकांना उत्तरं वेगळ्या भाषेत देत होते?

"कळलं होतं की. आम्हाला वाटलं तुला येत नाही."

रात्रीच्या बसमध्ये तिघं झोपले. मी जागी होते, मनातल्या मनात क्रियापदं चालवत. गयथू. पुढचं येईना.

पुण्यात आल्यावर पंधरा दिवसांनी आजीचा फोन आला, संध्याकाळी, हॉलमध्ये सगळे असताना. मी उठले, गॅलरीच्या दाराच्या कडीला हात घातला आणि तिथेच थांबले. मग परत येऊन सोफ्यावर बसले. "बोल आजी."

खापराला चीर गेलीये, आखाजीच्या आत कुंभाराकडून नवं आणायचंय, असं ती सांगत होती. मी विचारलं, मागचं कुठून आणलं होतंस. अहिराणीत विचारलं. निम्मं चुकलं असणार. सेनसेई पुस्तकातून मान वर करून ऐकत होती. तिनं सरळ माझ्या हातातून फोन ओढला.

"आजी, जेवण झायं का?"

पलीकडून आजीचं हसू सगळ्या हॉलला ऐकू गेलं. मग दोघींचं काहीतरी ठरलं. फोन परत देताना सेनसेई म्हणाली, "आखाजीला आपण जातोय. आणि ऐक, तू मघाशी 'आणलं' म्हणालीस, आजी म्हणतेय ते चूक आहे."